सामन्याआधीचा अर्धा तास

प्रज्ञानं बाबांचा पांढरा शर्ट इस्त्री करून खाटेवर ठेवला, पण प्रकाशरावांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"राहू दे ना बाई," ते म्हणाले, "मले कोन पाह्यते तिथं?"

प्रज्ञाला वाटलं, बाबा लाजून राहिले. सौंसरच्या नगरपालिकेत नळ सोडायच्या कामात ज्याचा जन्म गेला, गल्लीगल्लीतल्या बायांच्या शिव्या ज्यानं मान खाली घालून ऐकल्या, तो माणूस कॅमेऱ्यापुढं बसायचं म्हटल्यावर लाजणारच. ती हसली आणि शर्टाची कॉलर पुन्हा नीट केली. आईनं, म्हणजे यमुनाबाईनं, अंगण सारवलं होतं, पोहे भिजवून ठेवले होते आणि शेजारून चार खुर्च्या मागून आणल्या होत्या. त्या खुर्च्या मात्र तिनं मांडल्या नव्हत्या. एकावर एक तशाच भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. हे प्रज्ञाच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

घरात उत्सव होता आणि त्याचं कारणही तसंच होतं. प्रज्ञाचा धाकटा भाऊ कुणाल 'नागपूर ज्वाला'कडून बास्केटबॉल खेळायचा. पूर्ण हंगाम त्याचा बेंचवर बसून, टॉवेल हलवण्यात गेला होता. पण कप्तानाचा घोटा मुरगळला आणि 'इंदूर अश्व'विरुद्धच्या शनिवारच्या सामन्यात पहिल्या पाचात कुणालचं नाव आलं. जो जिंकेल तो उपांत्य फेरीत जाणार होता. लीगवाले प्रत्येक मोठ्या सामन्याच्या आधी टीव्हीवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचे. कोण कुणाला भारी, कोणाचं काय दुखतं, कोण कुठून आला. यावेळी त्यांना कुणालचं गाव दाखवायचं होतं. बुधवारी सकाळी त्यांची गाडी नागपूरहून सौंसरला येणार होती.

वस्तीतल्या लोकांना आठवत होतं ते हे, की पोरगा उंच होता. प्रज्ञाला त्याच्या आधीचं आठवत होतं. शाळेच्या मैदानावर बोर्डाला गंजकी रिंग होती आणि त्या रिंगेत सगळ्यात आधी चेंडू टाकला तो तिनं. ती राज्याच्या शालेय संघात खेळली. कुणाल तेव्हा मैदानाबाहेर गेलेले चेंडू आणून द्यायचा. मग एका उन्हाळ्यात तो संत्र्याच्या ट्रकवरून पडला, उजवं मनगट मोडलं आणि वेडंवाकडं जुळलं. हाड बसलं, पण हात ऐकेना. चेंडू उजव्या हातात आला की बेडकासारखा उडून जायचा. पोरगा रडकुंडीला यायचा. तेव्हा प्रज्ञानंच त्याला म्हटलं होतं, "उजव्याचा नाद सोड. डाव्यानं असं खेळ की उजव्याची कोनाले आठवनच नाही झाली पायजे."

त्यासाठी तिनं जे केलं ते कोणाला दिसलं नाही. दोघं एकत्र खेळले की ती कायम त्याच्या उजव्या अंगाला राहायची. तिकडून कोणी आला की मध्ये शिरायची. कुणाल डावा खांदा पाडून वाऱ्यासारखा निघायचा आणि लोक टाळ्या पिटायचे. पुढं नागपूरच्या एका प्रशिक्षण केंद्रात जायची वेळ आली तेव्हा दोघांतून एकालाच पाठवणं घराला झेपणार होतं. कुणाल दारात वाकून शिरावं लागेल एवढा झाला होता. प्रज्ञानं बीपीएड केलं आणि रामाकोन्याच्या शाळेत अतिथी शिक्षक म्हणून लागली. कोणी जबरदस्ती केली नाही. कोणी विचारलंही नाही.

लीगवाल्यांची पांढरी गाडी दहाच्या सुमारास वस्तीच्या तोंडाशी दिसली. पोट्टे आरडाओरडा करत धावले. गाडी थांबली नाही. काच अर्धी खाली होती, आतून कुणालनं हात हलवला आणि गाडी मोहगावच्या रस्त्याला लागली. पाठोपाठ प्रज्ञाचा फोन वाजला.

"ताई, शूटिंग यशवंतरावकाकाच्या बगीच्यात हाये. तू ये."

"अन् आई-बाबा? पोहे भिजून राहिले इथं."

"तू एकटीच ये. उन्हाचं त्यायले कायले त्रास देते? मी संध्याकाळी घरी येतोच ना."

तिनं आईकडे पाहिलं. यमुनाबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती. "जाय तू," ती म्हणाली. "आमी काय करतो तिथं."

यशवंतराव कामडींचा बगीचा म्हणजे त्या भागातला नामी बगीचा. पावसाळ्यात फुललेल्या मृग बहाराची तोडणी चालू होती, झाडं पिवळ्या फळांनी वाकली होती. प्रज्ञाला तिथली वाट डोळे मिटून माहीत होती, कारण यमुनाबाई गेली वीसेक वर्षं तिथं तोडणीला जायची आणि लहानपणी ही दोन्ही लेकरं क्रेटच्या सावलीला निजायची. स्कूटी बांधावर लावून ती आत शिरली आणि थांबली.

कुणाल एका झाडाखाली उभा होता. अंगात ज्वालाची केशरी जर्सी, पाठीवर नुसतं 'कुणाल'. बाकी सगळ्या खेळाडूंची आडनावं असायची. हा सोमकुवर नव्हता, नुसता कुणाल होता. कॅमेरा सुरू होता. तो हात वर करून संत्री ओढून तोडत होता आणि टोपलीत टाकत होता. संत्रं असं ओढत नाहीत. ओढलं की देठ निघतं, देठाच्या जागी भोक पडतं आणि फळ चार दिवसांत सडतं. हे त्यांच्या आईनं दोघांनाही चापट्या मारून शिकवलं होतं.

"और ये बगीचा?" माइक धरलेल्या बाईनं विचारलं. तिचं नाव अमिता, कार्यक्रम तीच करायची.

"इसी बगीचे में बड़ा हुआ हूँ," कुणाल म्हणाला. "सुबह संतरे, शाम को बास्केटबॉल."

यात एक शब्दही खोटा नव्हता, म्हणून तर प्रज्ञाच्या अंगाची जास्तच आग झाली. तेवढ्यात यशवंतराव पुढं आले. धोतर-सदरा, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर मनापासूनचा आनंद. त्यांनी कुणालच्या पाठीवर थाप मारली. "आमचा पोरगा हाये हा!" ते म्हणाले. "और ये आपके?" अमितानं विचारलं. "काका," कुणाल म्हणाला. सौंसरमध्ये पानठेल्यावरच्या माणसालाही काका म्हणतात. पण टीव्हीवर काका म्हणजे काका.

मधल्या वेळात प्रज्ञानं कुणालला झाडांच्या ओळीत गाठलं.

"हे काय करून राहिला तू?"

"ताई, नंतर सांगतो."

"आपला बगीचा? कधीपासून? अन् बाबा कुठं गेले यात?"

"हळू बोल ना व." त्यानं मागं पाहिलं. "ते स्टोरी लिहून आनते. संत्र्याच्या बगीच्यातला पोरगा, घरचा एकुलता एक, खेळासाठी बगीचा सोडून आला. जाहिरातवाल्यायले तेच पायजे. माह्या जागेवर दोन पोरं टपून बसले हायेत, ताई. मी काय म्हनू, की नाही, माहा बाप नळ सोडते?"

"मंग? सोडतेच तो नळ."

"तू आता तोंड नको पाडू. कृपा कर."

'एकुलता एक' हा शब्द तिच्या कानात मागाहून उतरला. बोलायला तोंड उघडलं तोच अमिता तिथं आली. चांगली बाई होती, घामानं डबडबलेली, हसतमुख. "या कोण?" तिनं विचारलं.

प्रज्ञा काही बोलायच्या आत कुणाल बोलला. "ये दीदी हैं. यहाँ की सीनियर प्लेयर. बचपन में इनके साथ खेला हूँ."

आणि तो गेला. खरंच गेला, पाठ करून, कॅमेरावाल्याकडं.

अमिताचा चेहरा खुलला. "अरे वा! मग तुम्हीच पाहिजे होत्या मला. हे बघा, सगळ्यांनी कौतुकच केलंय. पण सामन्याचा अंदाज सांगायचा तर खेळाबद्दलही काही पाहिजे ना. तो सगळा हंगाम बाहेर बसला, त्याचं चित्रीकरणच नाही कोणाकडं. कसा खेळतो तो? ताकद काय, कच्चं काय?"

प्रज्ञा झाडाला टेकून उभी होती. पुढं तिनं कितीदा तरी तो क्षण मनात उलटापालटा करून पाहिला. तिला नाही म्हणता आलं असतं. तो फार वेगवान आहे, फार मेहनती आहे, असं काहीतरी सांगून मोकळं होता आलं असतं. पण तिला दिसत होतं ते एवढंच, की या सगळ्या सोंगात खरं बोलायला सांगितलंय ते फक्त आपल्याला.

"सांगते," ती म्हणाली.

अमितानं दुसरा कॅमेरा तिच्यापुढं लावला. कार्यक्रम हिंदीत होता, म्हणून ती हिंदीत बोलली. शांतपणे बोलली, वर्गात शिकवते तशी. कुणालचा डावा हात सोन्याचा आहे, ती म्हणाली. तो डावा खांदा थोडा खाली पाडतो आणि निघतो, मग त्याला अडवणं कठीण. पण त्याला उजवीकडून जाताच येत नाही. लहानपणी मनगट मोडलं होतं. त्याच्या डाव्या खांद्याला लागून कोणी उभं राहिलं, तर त्याच्याकडे दुसरा रस्ता नाही.

"ग्रेट!" अमिता म्हणाली. "असंच पाहिजे होतं."

संध्याकाळी कुणाल घरी आला नाही. गाडीवाल्यांना परतायची घाई होती म्हणे. पोहे वस्तीतल्या पोट्ट्यांनी खाल्ले.

प्रज्ञा घरी काही बोलली नाही. आई-बाबांचा जीव दुखेल म्हणून बोलली नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. शनिवारी कळेलच त्यांना. दोन रात्री तिला झोप लागली नाही. कधी वाटायचं, अमिताला फोन करावा, तेवढं काढून टाका म्हणावं. नंबर होता तिच्याकडं. मग जर्सीवरचं ते नुसतं 'कुणाल' डोळ्यांपुढं यायचं आणि ती कूस बदलायची.

शनिवारी यशवंतरावांनी आपल्या घरापुढच्या पटांगणात मोठा पडदा लावला. सगळं गाव जमलं. मोहगाव-रामाकोन्याहूनही लोक आले, प्रज्ञाच्या शाळेतल्या पोरीही होत्या. यशवंतरावांच्या बायको वच्छलाबाईंनी यमुनाबाईला स्वतः हात धरून पुढच्या रांगेत बसवलं. एरवी तोडणीच्या दिवशी तिला त्या घराच्या मागच्या ओट्यावर चहा मिळायचा. प्रकाशराव त्या दिवशी तोच पांढरा शर्ट घालून आले होते.

सूर्य मावळायच्या सुमारास कार्यक्रम सुरू झाला. आधी इंदूरचं झालं. त्यांचा तो आफ्रिकेतून आणलेला ताडमाड खेळाडू, त्यांचा एक बुटका, चिवट बचावपटू, गेल्या तीन सामन्यांतली त्यांची जीत. मग नागपूरचं. कप्तानाचा सुजलेला घोटा दाखवला. अमिता म्हणाली, आज सगळा भार एका नव्या खांद्यावर आहे. आणि पडद्यावर संत्र्याचा बगीचा आला.

पटांगणात शिट्ट्या सुरू झाल्या. 'संतरे के बाग़ का इकलौता बेटा' अशी अक्षरं आली. यशवंतरावांच्या चेहऱ्याखाली 'कुणाल के चाचा' असं आलं. यशवंतराव ओशाळून हसले, "काहीही लिहून देते हे लोक!" म्हणाले, पण खूश झाले. प्रज्ञा पडद्याकडं पाहत नव्हती. ती बाबांकडं पाहत होती. आता चेहरा पडेल, आता आई पदर तोंडाला लावेल.

तसं काही झालं नाही. प्रकाशराव शांतपणे पाहत होते. एक-दोनदा त्यांनी मान डोलावली, जणू ठरल्याप्रमाणे पाणी सुटलं.

मग पडद्यावर प्रज्ञा आली. खाली नाव, 'सौंसर की पूर्व खिलाड़ी'. तिचं सगळं बोलणं एका दमात ऐकवलं. डावा खांदा, मोडलेलं मनगट, दुसरा रस्ता नाही. बरोबर चित्रंही काढून दाखवली, लाल बाण, निळा बाण. शाळेतल्या पोरींनी "मॅडम! मॅडम!" म्हणून टाळ्या वाजवल्या. यमुनाबाईनं मान वळवून लेकीकडं पाहिलं. ती अशी एकदाच वळली, पुन्हा सामना संपेपर्यंत वळली नाही.

सामना सुरू झाला. पहिला चेंडू कुणालच्या हाती आला, त्यानं डावा खांदा पाडला आणि सुसाट जाऊन बास्केट केला. पटांगण उठून नाचलं. तीही उभी राहिली, दोन्ही मुठी वळून. तिला त्या क्षणी फक्त तो जिंकायला हवा होता, दुसरं काही नको होतं.

पण इंदूरवाल्यांनी खेळाडू बदलला. तो बुटका बचावपटू आला आणि कुणालच्या डाव्या खांद्याला जळूसारखा चिकटला. उजवी बाजू त्यानं सताड उघडी सोडली होती. जा म्हणत होता, जा ना तिकडून. कुणालनं एकदा चेंडू उजव्या हातात घेतला, तो निसटला. दुसऱ्यांदा घेतला, त्या बुटक्यानं काढून नेला. तिसऱ्यांदा त्यानं पास दिला तो थेट इंदूरच्या माणसाच्या हातात. प्रज्ञा नकळत एक पाऊल उजवीकडं सरकली, पटांगणातल्या सतरंजीवर.

"अबे, पोरीनं सांगतलं तेच करून राहिले ते!" यशवंतराव थक्क होऊन म्हणाले. मग तिच्याकडं वळून, खऱ्या कौतुकानं, "हुशार हायेस बाई तू! बरोबर ओळखलं!"

दुसऱ्या सत्रात प्रशिक्षकानं कुणालला बाहेर बोलावलं. तो बेंचवर बसला. कॅमेऱ्यानं त्याचा चेहरा दाखवला. डोक्यावर टॉवेल होता. पुन्हा त्याला आत घेतलं नाही. नागपूर हरलं आणि लोक सतरंज्या झटकत उठले.

घरी आल्यावर प्रकाशरावांनी शर्ट काढून खुंटीला अडकवला. यमुनाबाईनं पाणी प्यायलं आणि लेकीपुढं येऊन उभी राहिली.

"काहून केलं व तू असं?"

"मी काहून केलं?" प्रज्ञाचा आवाज चढला. "अन् त्यानं काय केलं ते नाही पाह्यलं? बाप बदलला त्यानं! यशवंतराव चाचा झाले. तू ज्या बगीच्यात मजुरी करते तो त्याचा झाला. तुमाले काहीच नाही वाटलं?"

"आमाले पुसलं होतं त्यानं," यमुनाबाई म्हणाली.

प्रज्ञाला नीट कळलं नाही. तिनं बाबांकडं पाहिलं.

"पंधरा दिवसाआधी फोन आल्ता," प्रकाशराव खाटेवर बसत म्हणाले. "रडून राहिला होता. म्हने, बाबा, असं असं म्हनून राहिले ते, मी काय करू? मी म्हटलं, घे. बगीचा घे, काका घे, जे लागते ते घे. मी म्हटलं, माहं नाव घेतलं नाही तं मी काही मरून नाही जात. तू खेळ."

"अन् मले नाही सांगितलं कोनी?"

"तू भांडली असती," यमुनाबाई म्हणाली. "तुले पुसायची त्याची हिंमत नाही झाली."

"हो ना," प्रज्ञा म्हणाली. "तुमाले पुसलं. अन् मले न पुसताच पुसून टाकलं."

यमुनाबाईनं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"एक सांग मले," ती म्हणाली. "तुले राग आमच्यासाठी आल्ता, का सोतासाठी?"

घरात पुन्हा तो विषय निघाला नाही. मात्र त्या दिवसापासून आई तिच्या ताटात वाढताना बोलायची नाही आणि बाबा जास्तच बोलायचे, दोघांच्या वाटचं.

कुणालला पुढच्या हंगामासाठी ठेवलं नाही. संघानं कारण सांगितलं नाही, सांगतही नसतात. कप्तानाचा घोटा बरा झाला होता, तेवढंही कारण पुरलं असतं. गावात कोणी म्हणायचं, एका सामन्यावरून असं थोडीच काढतात. कोणी म्हणायचं, बहिणीनंच दोर कापला. शाळेतल्या एका मास्तरांनी तिला समजावलं, "मॅडम, व्यावसायिक संघ हायेत ते. त्यायले टीव्हीवरून कायले माहीत पडावं लागते? सरावात पाह्यलंच असन ना कोनी." प्रज्ञानं या वाक्याला बरेच दिवस धरून ठेवलं. पण तिला तो बुटका आठवायचा, त्याचं ते उजवी बाजू उघडी सोडणं. सरावात पाहणाऱ्याला हात दिसतो. मनगट मोडलं होतं हे दिसत नाही, आणि आता तो घाबरेल हेही दिसत नाही. ते घरच्याच माणसाला माहीत असतं.

मे महिन्यात कुणाल घरी आला. आठवडाभर राहिला. आईशी बोलला, बाबांसोबत नळ सोडायला पहाटे सायकलवर गेला, वस्तीतल्या लोकांकडं चहा प्यायला. प्रज्ञाशी तो वाईट वागला नाही. 'मीठ दे', 'चावी कुठं हाये', एवढंच बोलला. भोपाळला एका सरकारी खात्याच्या संघाची चाचणी होती, त्यासाठी त्याला पांढुर्ण्याहून गाडी पकडायची होती. निघायच्या दिवशी प्रकाशराव म्हणाले, "प्रज्ञा सोडून देईन ना स्कूटीनं. बसचा कायले भरवसा." त्यांनी मुद्दाम म्हटलं हे दोघांनाही कळलं.

दुपारचं ऊन असं होतं की रस्ता वितळून राहिला होता. तो मागं बसला, बॅग मध्ये ठेवून. सौंसर ते पांढुर्णा पूर्ण रस्ताभर ती मनात वाक्य जुळवत होती आणि एकही जुळत नव्हतं. पांढुर्ण्याच्या स्टेशनावर टीनाच्या शेडखाली दोघं बाकावर बसली. गाडी उशिरा होती.

"कुणाल," शेवटी ती म्हणाली. "चुकलं माहं."

तो रुळांकडं पाहत होता. "खोटं बोलली होती का तू?"

"नाही."

"मंग काय चुकलं? जे होतं तेच सांगितलं."

"तू मले बहीन म्हनला असता तं नसतं सांगितलं."

"मले मालूम हाये," तो म्हणाला. "म्हनून तं मले राग येते. तुले खऱ्याशी घेनंदेनं नव्हतं, ताई. अन् मी बाबाले पुसलं होतं, तुलेबी पुसनार होतो. आज पुसतो, उद्या पुसतो, असं करत राह्यलो. वाटलं, ताईच तर हाये. ताई समजून घेईन. आजवर घेतलंच ना." त्यानं बॅगेची चेन उगाच ओढली. "एकुलता एक म्हनताना माही जीभ जड झाली होती. तुले ते नसन दिसलं."

खरंच, तिला ते दिसलं नव्हतं. तिनं पाहिली होती ती फक्त त्यानं ओढून तोडलेली संत्री.

गाडी येत असल्याची घोषणा झाली. लोक उठले. कुणालनं बॅग खांद्याला लावली, उजव्या.

"आता चालते उजवा हात," तो म्हणाला. "दोन महिने तेच करून राहिलो. इथं पन पहाटे बाबासंगं निघालो की नळ सुटेपर्यंत मी तिकडं मैदानावर."

"खरंच?" तिचा चेहरा एकदम उजळला. तिला वाटलं, झालं, आता पुन्हा सुरू झालं. "कसा? पाहू दे ना. आल्यावर खेळू आपन मैदानावर. मी उभी राहते डाव्या बाजूनं—"

"नाही," कुणाल म्हणाला. आवाज शांत होता. "तुले नाही दाखवत."

गाडी लागली. तो डब्यात चढला, आत गर्दीत त्याचं डोकं सगळ्यांच्या वर थोडा वेळ दिसलं. खिडकीची जागा त्याला मिळाली की नाही, ते तिला कळलं नाही. गाडी हलली, शेवटचा डबा फलाटाबाहेर गेला, चहावाला केटली घेऊन परत फिरला.

प्रज्ञा बाहेर आली. स्कूटीची सीट उन्हानं तापून लाल झाली होती. तिनं ओढणी चौपदरी करून तिच्यावर टाकली आणि घरी फोन लावला.

"बसला का गाडीत?" यमुनाबाईनं विचारलं.

"बसला."

"काही बोलला?"

"हो," प्रज्ञा म्हणाली. "हात सुधरला म्हने त्याचा."

पलीकडून आई काही म्हणेल म्हणून ती उन्हात थांबली. "बरं," एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला.